डावीकडच्याने मागवायचं

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते.

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायच्या आमच्या धंद्यात खिळे तोंडातच धरतात. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने कापड ताणायचं, मग खिळा द्यायला तिसरा हात कुठून आणणार? जिभेने एकेक खिळा ओठांपर्यंत ढकलायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. हे मला सासऱ्यांनी शिकवलं, कारखाना मुळात त्यांचाच. त्यांची लेक, म्हणजे माझी बायको, गिऱ्हाइकांना सांगायची, "यांच्या तोंडात खिळे असतात तेवढाच वेळ मला बोलायला मिळतं." खरं म्हणजे खिळे असोत नसोत, बोलायची तीच.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलचे मालक कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. अंगावर एप्रन तसाच, हात पिठाचे. कोणाला न पाठवता माणूस स्वतः आला, यावरून मी समजायला हवं होतं. मी त्यांना हाताने थांबायची खूण केली. कापड ताणलेलं होतं, सोडलं असतं तर चूण पडली असती.

"गादीवाले," ते म्हणाले, "कापड सोडा."

मी सोडलं.

"ताई खुर्ची घेऊन आल्या. टेबलाशी ठेवली. दम लागलाय, जरा बसते म्हणाल्या. मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर..."

मी खिळे तळहातावर काढले, डबीत टाकले, डबीचं झाकण लावलं आणि मग निघालो. झाकण लावायला का थांबलो ते मला अजून कळलेलं नाही.

तिने नेली ती पाचवी खुर्ची होती. मालकांच्या खिडकीजवळच्या गोल टेबलाच्या सहा खुर्च्यांना नवं हिरवं कापड चढवायचं काम आमच्याकडे होतं. शिलाई तिची, ठोकाठोक माझी. सहाव्या खुर्चीचा नुसता सांगाडा कारखान्यात राहिला. तिच्या बैठकीचं कापड मशिनवर होतं. कडेने गोट घालायचा, म्हणजे कापडात दोरी गुंडाळून गोल कड शिवायची. तीन बाजू झाल्या होत्या. चौथी सुरू करून, सुई कापडात रुतवून, ती उठली होती. खुर्ची पोचवून येते आणि मग पुढचं करते, असा हिशोब. आम्ही दोघंही असंच करायचो, सुई खाली ठेवून उठलं की कापड हलत नाही.

ती सुई कोणी वर केली नाही. मशीन एकच असल्याने तेव्हापासून शिलाईची कामं मी बाहेरून करून घेतो.

हिवाळा गेला आणि एक दिवस ड्रायव्हर आला. हा माझा सगळ्यात जुना मित्र. आयुष्यभर शहराची बस चालवली, आता निवृत्त आहे, पण दुकानात शिरतानाही आधी डावीकडे-उजवीकडे बघतो.

"गादीवाल्या, शनिवारी टेबलावर यायचं."

"बघू."

"बघू नाही. मालकांना सांगून आलोय. पोरं पण येतायत."

हे टेबल म्हणजे आमची महिन्याची बैठक. आम्ही दोघं, तो आणि त्याची बायको नर्सबाई. हॉटेल नवं होतं तेव्हा पहिल्याच खेपेला ड्रायव्हरने काय मागवायचं हे ठरवायला इतका वेळ लावला, की माझी बायको वैतागली. म्हणाली, "आजपासून या टेबलावर कोणी स्वतःसाठी मागवायचं नाही. डावीकडच्याने मागवायचं, उजवीकडच्याने खायचं. आणि ताट परत पाठवायचं नाही." हसण्यावारी निघालेली गोष्ट, पण मोडली कधी नाही. ड्रायव्हर तिच्यासाठी मागवायचा, ती माझ्यासाठी, मी नर्सबाईंसाठी आणि नर्सबाई ड्रायव्हरसाठी. त्यामुळे त्या हॉटेलात काय काय मिळतं ते मला आजही नीट माहीत नाही. तिथे मला काय आवडतं, हे तिला ठाऊक होतं.

पोरं का येत होती ते मला माहीत नव्हतं. ते नंतर कळलं, तरी इथेच सांगून टाकतो. थोरली दुसऱ्या शहरात असते, विमा कंपनीत आहे. तिने माझ्यासाठी तिच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली होती. धाकटा इथेच दोन गल्ल्या सोडून राहतो, वीजकाम करतो. त्याला तिने फोनवरून आपल्या बाजूला वळवलं होतं. नर्सबाईंनी विषय काढायचा असं ठरलं होतं, कारण त्यांचं मी ऐकतो. ड्रायव्हरला कोणी काही सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. शनिवारी जेवण, रविवारी बांधाबांध, असा बेत.

शनिवारी संध्याकाळी आम्ही हॉटेलात शिरलो. गोल टेबलाभोवती आमच्याच पाच हिरव्या खुर्च्या मांडलेल्या. मी सवयीने माझ्या जागी बसलो, नर्सबाई माझ्या उजवीकडे बसल्या. बाकीचे उभेच.

"बसा की," मालक म्हणाले.

"बसतो, बसतो," ड्रायव्हर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. धाकटा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, जसा काही कामाची तपासणी करायलाच आला होता. माझ्या डावीकडच्या खुर्चीकडे कोणी बघत नव्हतं.

"मी बसते इथे," थोरली म्हणाली. तिने पर्स पाठीला अडकवली आणि बसली. तिच्या डावीकडे ड्रायव्हर बसला. उरलेली जागा, नर्सबाई आणि ड्रायव्हरच्या मधली, धाकट्याला मिळाली.

"नियम ठाऊक आहे ना?" ड्रायव्हरने थोरलीला विचारलं.

"लहानपणापासून ऐकतेय, काका. डावीकडच्याने मागवायचं, उजवीकडच्याने निमूट खायचं."

"आणि?"

"ताट परत पाठवायचं नाही."

"शाब्बास." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्याने आपल्या डावीकडे बघितलं. तिथे इतकी वर्षं बायको असायची, आज धाकटा होता. "म्हणजे आज माझं मागवणार कोण?"

"मी," धाकटा म्हणाला.

ड्रायव्हरचा चेहरा असा उजळला की शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं.

"त्यांची साखर वाढलीय," नर्सबाई म्हणाल्या.

"मावशी, नियम."

"मी नुसतं सांगतेय."

"या टेबलावर सांगायचं नसतं," ड्रायव्हर म्हणाला. "बोल रे बाळा, बोल."

"काकांना भाजलेली कोंबडी, लोणी घालताना हात आखडायचा नाही. तळलेले बटाटे. आणि शेवटी सफरचंदाचा केक."

"मोठा तुकडा," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"मोठा तुकडा."

"आज रात्री यांना तुझ्या घरी झोपायला घेऊन जा," नर्सबाई म्हणाल्या. "काही झालं तर तूच धाव. आणि मालक, या पोराला पालेभाजी आणा. लग्नात शिवलेल्या कोटात आता याचा एक हात जात असेल, दुसरा नाही."

मी नर्सबाईंसाठी मासा सांगितला, काटे न काढता. त्यांना काटे स्वतः काढायला आवडतात, हात रिकामा राहिला की त्यांना करमत नाही. मग थोरलीची पाळी आली, माझ्यासाठी.

"बाबांना साधं सूप. मिरी नको. आणि उकडलेल्या भाज्या, मीठ बेताचं."

मालकांनी माझ्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि लिहून घेतलं. मी काही बोललो नाही. बोलायचं नसतंच.

"आणि वहिनींना मशरूम," ड्रायव्हर म्हणाला. "लसूण जास्त, पाव कडक भाजून, आणि..."

तो थांबला. त्याने रुमाल काढला, कपाळ पुसलं, मग चष्मा पुसला. मालक वहीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांची सवय, उजवीकडे वळून तेच बोलायचं, तोंडातून आपोआप गेलं.

"चालेल, काका," थोरली म्हणाली. "तेच सांगा."

"नाही नाही, तुला..."

"डावीकडच्याने मागवलंय ना? मग झालं."

थोरलीला मशरूम आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणजे लहानपणी वासानेच नाक दाबायची. ताट आलं तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. तिने पहिला घास न चावता गिळला, मग पाणी प्यायली, मग दुसरा घेतला. तिने मला नंतर सांगितलं, चौथ्या-पाचव्या घासाला तिला वेगळाच प्रश्न पडला. आई दर महिन्याला हे खायची, आणि आपल्या घरात मशरूम कधी शिजलेले आपण बघितले नाहीत, ते का?

मी माझं सूप प्यायलो. चव कशी होती विचाराल तर गरम होतं. थोरलीच्या पलीकडे ड्रायव्हर कोंबडीचं हाड चोखत होता. धाकटा पालेभाजी गवत चघळावं तशी खात होता आणि त्याच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता. त्या बाईंच्या घरातला दिवा म्हणे त्यांची सासू आली की लागत नव्हता, आणि तो दुरुस्त करू नका असं बाईंनीच त्याला बजावलं. सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी माझा मलाच आवाज आला.

मध्येच थोरली हात धुवायला उठली आणि तिच्या मागोमाग नर्सबाई गेल्या. तिथे जे बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलं, आणि दोघींचं जुळतं.

"मावशी, तुम्ही विषय काढणार होतात," थोरली म्हणाली.

"काढते ग. मासा तरी संपू दे."

"आईला मशरूम आवडायचे?"

"आवडायचे? महिनाभर वाट बघायची."

"मग घरी का नाही केले कधी?"

नर्सबाईंनी साबण लावायला वेळ घेतला. "तू लहान असताना एकदा केले होते. तू ताटातच उलटी केलीस. तेव्हापासून घरात बंद. मी म्हटलं, अग तिला दुसरं काहीतरी दे आणि तू खा. तर म्हणाली, घरभर वास राहतो, पोरगी जेवत नाही. मला महिन्यातून एकदा मिळतात की."

थोरलीने नळ चालूच ठेवला.

"आणि ऐक," नर्सबाई म्हणाल्या. "मी तुझ्या बाजूने बोलेन म्हणाले होते. आता नाही बोलणार."

"का? मी सूप मागवलं म्हणून?"

"त्यांनी ते संपवलं म्हणून. भाऊजींना सूप आवडत नाही, तुला माहीत आहे? एक अक्षर बोलले नाहीत. तुझ्याकडेही असेच राहतील. समोर येईल ते निमूट खातील. आणि तुला वाटेल, बाबा मजेत आहेत."

"मावशी, तुम्ही उगाच मला वाईट ठरवू नका."

"वाईट कोण म्हणतंय? तुझ्या आईसारखीच आहेस. ती पण सगळ्यांचं ठरवायची. फक्त तिला सगळ्यांचं ठाऊक असायचं."

दुसरी कोणी असती तर तिथेच गप्प झाली असती. पण थोरली माघार घेणारी नाही, ते तिने तिच्या आजोबांकडून घेतलंय. परत येऊन बसली, ओठ पुसले आणि सरळ म्हणाली, "या टेबलावर डावीकडच्याने ठरवायचं. बाबांच्या डावीकडे मी आहे. मी ठरवलंय, बाबा माझ्याकडे राहायला येणार. खोली तयार आहे. कारखाना बंद करायचा."

ड्रायव्हरच्या हातातला बटाटा हातात राहिला. "काय? कोणी ठरवलं? मला का नाही सांगितलं?"

"म्हणूनच नाही सांगितलं," नर्सबाई म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"केक येतोय, गप्प बसा."

थोरलीने भावाकडे बघितलं. "तू सांग ना."

धाकटा भाजीच्या ताटात बघत म्हणाला, "ताई, मी 'बघू' म्हणालो होतो."

"तू 'हो' म्हणालास!"

"तुला फोनवर 'नाही' म्हणून बघितलंय कोणी? तुझा नवरा तरी म्हणू शकतो का?"

ड्रायव्हर खदखदून हसला. थोरली हसली नाही. तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला सगळ्यांना गंमत वाटते. बाबा, तुम्ही तिथे एकटे बसता. एक दिवस असेच खुर्चीत बसाल आणि... मालक मला सांगायला एवढ्या लांब येणार आहेत का? मला फोन वाजला तरी धस्स होतं."

मग कोणी हसलं नाही. मालक केक घेऊन आले होते, तेही ताटली हातात धरून उभे राहिले.

सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी ती बोलायची. मी तोंडात खिळे असल्यासारखा बसायचो आणि ती माझ्या वतीने काय ते बोलून टाकायची. आता तोंड रिकामं होतं.

"ताट परत पाठवायचं नाही," मी म्हणालो. "तू मागवलंस. येईन."

ड्रायव्हर म्हणाला, "गादीवाल्या!"

"थांब. येईन. पण ताट किती वेळात संपवायचं, असा नियम नाही. मालकांना विचारा."

"ताईंचं, तुमच्या आईचं, जेवण होईपर्यंत," मालक म्हणाले, "आमच्याकडची सगळी भांडी घासून व्हायची."

"बाबा, म्हणजे कधी?"

"सहावी खुर्ची झाली की. मालकांचं काम अर्धवट टाकून मी कुठे जाणार नाही. तुझे आजोबाही गेले नसते."

"किती काम आहे तिचं?"

"गोटाची एक बाजू शिवायची. मग मी चढवतो. दिवसाचं काम."

थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला. "एवढंच? मी उद्या शिवते. गोट मला आईनेच शिकवलाय."

"शिव," मी म्हणालो.

"आता माझी पाळी," ड्रायव्हर म्हणाला. त्याने खुर्ची थोरलीकडे वळवली. "तुझ्या डावीकडे मी आहे. तुझं मी ठरवणार. नोकरीवर सांगून टाक, हा आठवडा तू इथेच. बापाला उचलून न्यायच्या आधी तो दिवसभर करतो काय, ते बघ तरी. खोली रंगवलीस, माणूस बघितलास का?"

"काका, माझी सुट्टी..."

"ताट परत पाठवायचं नाही."

थोरलीने पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला. "बरं," ती म्हणाली.

मग ते टेबलाभोवती फिरतच गेलं. मी नर्सबाईंना सांगितलं, मी इथे असो नसो, ही बैठक मोडायची नाही. त्यांनी मान हलवली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, रिकामा होता तरी. त्यांनी धाकट्याला सांगितलं, कामाला जाताना आधी कारखान्याचं दार वाजवायचं, सकाळचा चहा तिथेच. "आणि तिथे बिस्किटं खायची नाहीत." धाकट्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर लहान पोरासारखा ताठ बसला.

"काकांना," धाकटा म्हणाला, "केकचा आणखी एक तुकडा."

"अरे मेल्या!" नर्सबाई म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या.

परत जाताना थोरलीने माझा हात धरला. दारात मला म्हणाली, "तुम्हाला सूप आवडत नाही, हे मला माहीत नव्हतं."

"तुला मशरूम आवडत नाहीत, हे मला माहीत होतं," मी म्हणालो. "छान खाल्लेस."

सकाळी धाकटा चहाला आला. हातात बिस्किटांचा पुडा होता. थोरली त्याच्यासमोरच मशिनशी जाऊन बसली. मशीन तिच्या आजीचं. तिने वरची धूळ फडक्याने पुसली, पायटा पुसला, दोरा बघितला. मग दोन्ही हात कापडावर ठेवले, सुईच्या दोन बाजूंना, जिथे ठेवायचे असतात तिथे. मी हातोडी थांबवली. धाकट्याने कप खाली ठेवला. ती तशी बसून राहिली. पाय पायट्यावर होता, पण दाबला नाही.

"बाबा, मी पण आधी चहा घेते," ती म्हणाली आणि उठली. उठताना हात अलगद काढले, कापड हलू नये म्हणून.

ती आठवडाभर राहिली. मला खिळे ठोकायला मदत केली, एकदा अंगठा ठेचून घेतला. दुपारी ड्रायव्हर येऊन जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा ओढायला बसतो आणि कामापेक्षा गप्पाच मारतो, ते तिने बघितलं. मी स्वतःसाठी काय शिजवतो तेही बघितलं आणि त्यावर काही बोलली नाही, हे तिच्या मानाने पुष्कळ झालं. एके दिवशी तिने घरात मशरूम शिजवले. खिडक्या उघड्या ठेवून. आम्ही दोघांनी खाल्ले. रोज सकाळी ती मशिनकडे जायची, फडकं फिरवायची आणि परत यायची. निघताना म्हणाली, "खुर्ची झाली की कळवा. खोली तशीच ठेवतेय."

"कळवतो," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. झाली की कळवणार आहे.

पुढच्या महिन्यात टेबलावर माझ्या डावीकडे धाकटा बसला. त्याने माझ्यासाठी मासा मागवला आणि काटे काढून दिले. ड्रायव्हरचं पुन्हा नर्सबाईंनी मागवलं, तो बिचारा भोपळ्याकडे बघत बसला. मालक खुर्चीबद्दल विचारत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, टेबलाला पाच पुरतात सध्या.

सहावीचा सांगाडा मी घासून पॉलिश केला, पट्टे नवे ताणले, भरण भरलं. माझ्या बाजूचं सगळं झालं आहे. गोटाची चौथी बाजू शिवायची राहिली आहे.